तीन नंबर बोलत नाही

६ जानेवारी

मामा,

नमस्कार आधीच करून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही चष्मा काढाल आणि मामीला म्हणाल, "ह्या पोरीला जगात माझेच पंप सापडले का?" तर हो, तुमचेच सापडले.

ज्या डबीपायी मी इतकी वर्षं डोकं खपवतेय ती तुम्हाला ठाऊक आहेच. काड्यापेटीहून थोडी मोठी. आत एक पातळ पट्टी, पट्टीच्या टोकाला वजन. यंत्र थरथरलं की पट्टी हलते, पट्टी हलली की चिमूटभर वीज तयार होते. अशी थोडी थोडी वीज साठवून डबी आपलं पोट भरते, आणि पोट भरलं की यंत्र किती तापलंय, किती हलतंय, ते आम्हाला बिनतारी कळवते. बॅटरी नको, वायर नको, बॅटरी बदलायला कुणी शिडी लावून चढायला नको. यंत्राच्या थरथरीवरच जगायचं आणि त्याचीच खबर द्यायची. आई म्हणते, ह्या डबीच्या जागी नवरा असता तर एव्हाना तिची नातवंडं शाळेत गेली असती.

तुमच्या पाणीपुरवठा ऑफिसनं आमच्या चाचणीला होकार दिलाय. सहा पंप, सहा डब्या. एप्रिलच्या सुरुवातीला बैठक. आमच्या साहेबांनी तोंडावर सांगितलंय की सहाच्या सहा डब्या बैठकीपर्यंत बोलत राहिल्या तर काम पुढे जाईल. एक जरी गप्प बसली तर आमचा गट बंद, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे त्यानं बसावं. मामा, मला दुसरीकडे कुठे बसायचं नाहीये.

म्हणून एवढंच सांगणं, डब्यांवर लक्ष असू द्या. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मामीला फोन केला तर ती पंप सोडून जगातलं सगळं सांगते. तेव्हा आपलं पत्रच बरं.

तुमची भुंगा


१४ जानेवारी

भुंग्या,

चष्मा काढला नाही. पत्र दोनदा वाचलं आणि मग मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "थरथरीवर वीज होते? मग एक डबी ह्यांच्या उशाशी लावा, घोरण्यावर अख्खी गल्ली उजळेल." हिच्या जिभेवर तुझी पट्टी बसव, शहर चालेल.

तुमची दोन माणसं येऊन डब्या बसवून गेली. एकेक डबी एकेका बोल्टवर, मोटरच्या कुशीत. मी त्यांना मदत केली, म्हणजे मध्ये मध्ये लुडबुड केली. त्यांनी सहन केलं, चांगल्या घरची दिसली.

आता पंपांची ओळख करून देतो. एक नंबर म्हातारा आहे, कुरकुरतो पण काम करतो. दोन आणि चार जुळे, एक बिघडला की दुसरा रुसतो. पाच नंबर हल्ली फार बोलायला लागलाय, त्याचं बेअरिंग मागवलंय, पण ऑफिसचं घोडं कुठे पेंड खातंय कुणास ठाऊक. सहा नंबरबद्दल न बोललेलं बरं. तीन नंबर मात्र गुणी. मीच उघडला, मीच बसवला. मोटर आणि पंप एका रेषेत आणायला दिवसच्या दिवस घालवले, आमच्या इंजिनीअर बाई म्हणाल्या, "आता पुरे करा, लग्न लावताय का त्यांचं?" आज तो चालू असताना त्याच्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेव, थेंब सांडणार नाही. माझे कान गेले तरी तळहात शाबूत आहे, पण तीन नंबरवर हात ठेवला की मलाच शंका येते, चालू आहे की बंद? बाई पाहुण्यांना आणतात ते तोच पंप दाखवायला.

मेअखेर मी घरी बसणार. तोवर तुझ्या डब्या डोळ्यांत तेल घालून सांभाळतो. काही लागलं तर सांग. संकोच करू नकोस, तुला ती खोडच आहे.

मामा


३ फेब्रुवारी

मामा,

साहेबांबरोबर बाहेरगावी आलेय, स्टेशनवर गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय, अक्षराला हसू नका.

पाच जण छान बोलतायत. तीन नंबर तोंडच उघडत नाही. पहिल्या दिवसापासून एक शब्द नाही. साहेब सकाळी आल्या आल्या, बॅग खाली ठेवायच्या आधी विचारतात, "तीन नंबर बोलला का?" मी मान हलवते आणि ते काही न बोलता आत जातात. ते न बोलणं मला रागावण्यापेक्षा जास्त लागतं.

मामा, काहीही करा, पण तीन नंबरला बोलता करा. बोल्ट जरा सैल करून बघा, जमतंय का. दुसऱ्या कुणाला सांगू? तिथे माझं माणूस तुम्हीच आहात.

गाडी आली. पळते.

भुंगा


१२ फेब्रुवारी

भुंगा,

तू म्हणालीस तसं केलं. तीन नंबर बोलायला लागला.

ह्याबद्दल पत्रात परत काही लिहू नकोस. मामीशीही फोनवर बोलू नकोस. विषय संपला.

ती बैठक थोडी आधी घेता येणार नाही का, तेवढं बघ.

मामी बरी आहे. पाच नंबरचं बेअरिंग अजून आलं नाही.

मामा


२३ फेब्रुवारी

मामा, मामा, मामा!

लिहू नकोस म्हणालात तरी लिहिणार. केवढा तो विनय! बोलायला लागला म्हणजे काय, सहांत सगळ्यात जास्त तोच बोलतो. बाकीचे तासाभरानं एखादं वाक्य टाकतात, हा आपला मिनिटामिनिटाला सुरू. इतक्या दिवसांचं मौन व्याजासकट वसूल करतोय. साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले, "तुमच्या मामांना काय दक्षिणा द्यायची?" म्हणून विचारत होते. एवढ्याशा बोल्टनं एवढा फरक पडेल असं मलाही वाटलं नव्हतं. आम्ही इथे आकडेमोड करत बसलो होतो आणि तुम्ही एक पाना फिरवलात.

ऑफिसात मी आता मान वर करून चालते. खरं सांगू? जानेवारीत मी मनातून हरलेच होते. कुणाला सांगितलं नव्हतं.

बैठक आधी होणार नाही, तारीख ठरलेली आहे. आणि एवढी घाई कसली? भाचीची आठवण येते म्हणा की सरळ.

तुमची भुंगा


४ मार्च

भुंग्या,

आठवण येते. त्यात नवीन काय?

तू आनंदात आहेस, वाचून बरं वाटलं. तू मनातून हरली होतीस हे मला का कळवलं नाहीस? असो. आता नाहीस ना, मग झालं.

मी हल्ली सुट्टीच्या दिवशीही पंपावर जाऊन बसतो. तीन नंबरजवळ एक स्टूल टाकलंय. मामी म्हणते, "सवत कोण ते तरी सांगा, मी डबा दोघांचा देते." परवा इंजिनीअर बाईंनी जाता जाता त्याच्यावर हात ठेवला आणि थांबल्या. म्हणाल्या, "ह्याचं वय झालं की काय?" मी म्हटलं, "होय, माझ्यासारखंच." त्या हसल्या. मला हसता आलं नाही, पण त्यांनी पाहिलं नाही.

बैठक झाली की त्याच दिवशी कळव. मामीला फोन केलास तरी चालेल.

मामा


१५ मार्च

मामा,

आधी काम, मग आनंद. तीन नंबर आजारी आहे! डबीनं सांगितलंय. तापमान हळूहळू चढतंय, आणि तो ज्या तऱ्हेनं हलतोय ती तऱ्हा आम्ही ओळखतो. पायाचा बोल्ट ढिला झाला की यंत्र असंच हलतं. आज-उद्या मोडणार नाही, पण असाच चालवला तर बेअरिंग जाईल. ताबडतोब आवळून घ्या.

आता आनंद. साहेब नाचायचेच बाकी होते. आजवर आमच्या डबीनं नुसत्या गप्पा मारल्या, पहिल्यांदाच तिनं खरा आजार पकडला. तोही तुमच्यासारख्याच्या हाताखालच्या पंपाचा! बैठकीत हाच नमुना पडद्यावर दाखवायचं ठरलंय. तुम्ही रागावू नका हं, हे काही तुमच्या हाताला कमीपणा आणणारं नाही. कुणाच्याही तळहातावरून निसटेल इतकं बारीक आहे ते.

मामीला फोनवर निरोप दिला होता. ती म्हणाली, "सांगितलं मी. ते नुसते हसले, चपला घातल्या आणि बाहेर गेले." मामा, हसण्यावारी नेऊ नका.

भुंगा


२० मार्च

भुंगा,

मी बहिरा आहे, खुळा नाही.

पायाचा बोल्ट ढिला आहे हे तू मला कळवतेस? आणि तळहातावरून निसटेल म्हणतेस? अगं, त्या पंपाजवळ उभं राहिलं की मला बुटातून कळतंय! तो ढिला कुणी करायला सांगितला? तुझं पत्र समोर ठेवून लिहितोय. "काहीही करा, पण तीन नंबरला बोलता करा. बोल्ट जरा सैल करून बघा." अक्षर तुझंच आहे, गिचमिड असलं तरी.

ते वाचलं तेव्हा आधी वाटलं, मी चुकीचं वाचतोय. मग वाटलं, पोरीला उघड लिहायला लाज वाटली असेल, म्हणून आडून लिहिलंय. डबीला खायला थरथर हवी, तीन नंबर थरथरत नाही, म्हणजे त्याला बिघडवा असंच ना? बाई जेवायला गेल्या तेव्हा पाना घेऊन गेलो. आयुष्यात मी यंत्रं आवळली. चांगलं यंत्र हातानं सैल करायला पहिल्यांदाच बसलो. हात पुढे जाईना. मग तुझ्या साहेबांचं ते न बोलता आत जाणं आठवलं, आणि फिरवला.

तेव्हापासून रोज जाऊन बसतोय, की जास्त बिघडला तर लगेच थांबवता यावा. आणि आता तूच त्या बोल्टावर शाबासकी घेतेस, आणि वर मला आवळायला सांगतेस! चित भी मेरी, पट भी मेरी. आवळला तर तो परत गप्प बसेल, एवढं लक्षात घे आणि काय ते एकदाचं ठरवून कळव.

मामा


२५ मार्च

मामा,

ध चा मा झाला हो.

मी डबीचा बोल्ट म्हणत होते! मोटरवर डबी ज्या बोल्टनं बसवलीय, तो सैल करून ती जरा फिरवून बघा, इतकंच. आमच्या ऑफिसात तीन नंबर म्हणजे तिसरी डबी, आणि बोलणं म्हणजे खबर पाठवणं. दिवसभर आम्ही असंच बोलतो, कुणाला वेगळं वाटत नाही. तुमच्याकडे तीन नंबर म्हणजे पंप, आणि पंप बोलतो म्हणजे खडखडतो. "पाच नंबर फार बोलायला लागलाय" असं तुम्ही जानेवारीतच लिहिलं होतं, मी वाचून हसले होते, तुम्ही गमतीनं लिहिलंय असं समजून. ते एक वाक्य नीट वाचलं असतं तर!

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. पंपासाठी नाही. मी तुमच्याकडे असलं काही मागेन, असं तुम्हाला वाटलं तरी कसं? मला एवढंच ओळखता?

आणि रडून झाल्यावर जे कळलं ते आणखी वाईट आहे. डबी तिरकी बसली नव्हती, तिच्यात दोष नव्हता. तिला उपास घडत होता, कारण तुमचा पंप चांगला होता. तुम्ही तो बिघडवलात तेव्हा तिला जेवायला मिळालं. म्हणजे माझी डबी चांगल्या यंत्रावर जगू शकत नाही. हे मला साहेबांना सांगावं लागणार. त्यांनी बैठकीची चित्रंसुद्धा तयार केलीत.

बोल्ट आवळा. हे वाचून झालं की लगेच. ह्या वेळी पायाचाच, पंपाच्या पायाचा.

भुंगा


३० मार्च

भुंग्या,

माझं डोकं थाऱ्यावर आलं. मागच्या पत्रात जे जिभेला आलं ते लिहिलं, मनावर घेऊ नकोस. मामीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हा दोघांना शिकवलं कुणी?" आणि आत जाऊन डोळे पुसत बसली.

तू विचारलंस, तुला एवढंच ओळखतो का. अगं, तू वाईट मागतेस असं माझ्या मनात आलंच नाही. तू मागतेस, एवढंच आलं. तुझे बाबा गेल्यापासून तू आमच्या घरात वाढलीस, पण कधी हट्ट केला नाहीस. ताटात पडेल ते जेवलीस, मिळेल ते वापरलंस. मामी म्हणायची, ही काही मागत का नाही? आणि एवढ्या वर्षांनी "काहीही करा" म्हणालीस. मग बोल्ट कुठला, ते मी काय बघतो?

आता माझं ऐक. साहेबांना काही सांगू नकोस. बोल्ट मी सैल केला हे तुझ्या डबीला कुठे ठाऊक होतं? तिनं ओळखलं ते खरंच ओळखलं. चोरी पकडली ती पकडली, चोर घरचा होता म्हणून काय झालं? बैठक होईपर्यंत मी बोल्ट आवळत नाही. मी शेजारी बसून आहे, पंपाला काही होऊ देणार नाही. बैठक पार पडली, तुझं काम पुढे गेलं, की आवळतो. कानोकान खबर होणार नाही, आणि माझ्या कानांचं तर विचारूच नकोस.

एवढं एक माझं ऐक.

मामा


५ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मिळालं. तुमचं ऐकलं नाही. रागवा.

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. तुमचं म्हणणं खोटंही नव्हतं. डबीनं ओळखलं होतंच. पण तुम्ही स्टुलावर बसून आहात आणि तुमचा पंप माझ्यासाठी झिजतोय, हे डोळ्यांसमोरून हलेना. सकाळी उठून इंजिनीअर बाईंना फोन केला. सांगितलं की चूक माझ्या शब्दांची आहे, मामांना काही बोलू नका, फक्त आताच्या आता त्यांच्या हातून बोल्ट आवळून घ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तरीच! मला वाटलं माझाच हात चुकतोय."

बैठक सुरू झाली तेव्हा पडद्यावर सहाही जण बोलत होते. साहेब तीन नंबरच्या आजाराचं कौतुक सांगायला उठले, तेवढ्यात तीन नंबरची रेघ एकदम तुटली. तुम्ही पंप थांबवला असणार. मग ती परत आली, अगदी बारीक. मग तिच्यातली अंतरं वाढत गेली. बैठकीला आलेल्या पाहुण्यांपैकी एक जण म्हणाले, "तीन नंबर बंद पडला का?" मी उभी राहिले. म्हटलं, "नाही. तीन नंबर व्यवस्थित चालू आहे, म्हणूनच गप्प होतोय. माझ्या मामांनी तो आत्ताच दुरुस्त केलाय." आणि सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत रेघ संपली होती.

साहेब रागावले नाहीत. पाहुण्यांनी विचारलं की डबी गप्प असेल तर यंत्र ठणठणीत आहे की डबीच मेलीय, हे आम्ही कसं ओळखायचं? मी म्हटलं, ओळखता येत नाही. आज तरी नाही. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "भल्या घरी उपाशी राहणारा पाहुणा आहे हो हा, कोण ठेवून घेईल?" आणि पाठीवर हात ठेवून गेले.

गट बंद झाला. मला बॅटरीवाल्यांच्या विभागात जागा दिलीय. जिला घालवायला निघाले होते, तिच्याच दारात आता रोज डबा खायचा. डब्या काढायला माणसं येतील, त्यांना चहा द्या.

वाईट वाटतंय, मामा. फार वाटतंय. पण तुमच्यावर त्यातलं काही नाही.

भुंगा


११ एप्रिल

भुंग्या,

डब्या नेल्या. चहा दिला. तीन नंबरची डबी काढताना त्या माणसानं ती कानाशी नेऊन हलवून बघितली. मी तोंड फिरवून घेतलं.

मामी म्हणते, तू केलंस ते बरोबर केलंस, आणि शेजारणींना सांगत सुटलीय. मी तसं म्हणणार नाही. बरोबर असेल, पण तू हरलीस, आणि मला त्याचं वाईट वाटतं. बैठकीत इतक्या लोकांत उभी राहून "माझ्या मामांनी" म्हणालीस, ते वाक्य मी पाकिटातून काढून काढून वाचतो. तेवढ्यानं तुझं टेबल परत मिळत नाही, हेही मला कळतं.

त्या सकाळी बाई आल्या तेव्हा मी स्टुलावरच होतो. त्यांनी पाना माझ्या हातात दिला. मी ओळखलं की तू फोन केलास. पंप थांबवला, बोल्ट आवळला, सगळं तपासून परत चालू केला आणि हात ठेवला. काही नाही. अगदी पूर्वीसारखं, काही म्हणजे काही नाही. इतकी वर्षं मी जे काम केलं ते ह्या "काही नाही"साठीच केलं. बाई म्हणाल्या, "झाला ना शांत?" तिकडे त्या वेळी तुझ्या पडद्यावर काय चाललं असेल ते मला समजत होतं. म्हटलं, थोडा तरी हलेल, पोरीची बैठक संपेपर्यंत तरी. हात काढलाच नाही मी. बाई शहाण्या आहेत, त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

मग मात्र मला रडू आवरेना. त्याच्या अंगावर एक थाप मारली आणि म्हटलं, लेका, एवढं गुणी राहायची काय गरज होती?

मामा